तांबट आळीतला चर

काठी फितीखालून सरळ पुढे गेली. तिच्यामागून तो माणूसही गेला असता, म्हणून मी धावत जाऊन त्याचा सदरा मागून धरला आणि जोरात ओढला. काखेतली शिवण उसवल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला.

"कोण आहे?" त्याने वळून विचारलं. आवाज शांत होता, जणू सदरा रोजच फाटतो.

"मी इथली इंजिनिअर. पुढे नऊ फूट खोल चर आहे. एवढी ढळढळीत लाल फीत बांधलीय, ती तुम्हाला..." एवढं बोलून मी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि हातातली काठी पांढरी होती.

"लाल आहे का?" तो म्हणाला. "छान. लालच असणार, असं वाटलं होतं मला."

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. मी पंचवीस वर्षांची होते. सिव्हिलचा डिप्लोमा करून भुयारी गटाराची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागले होते, आणि तांबट आळी ही माझी पहिली साइट. आळी जेमतेम चौदा फूट रुंद. खालच्या तोंडाला सहकारी बँक, वरच्या तोंडाला प्राथमिक शाळा, आणि मधे दोन्ही हातांना चिकटून बसलेली घरं. मधोमध आमचा चर. एका बाजूला मातीचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला, घरांच्या ओट्यांना लागून, माणसांना जाण्यापुरती तीन फुटांची वाट.

साइटचे मुख्य गुंजाळसाहेब. त्यांना चराजवळ बाईमाणूस नको होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक शिट्टी, एक हिरवं निशाण आणि लाल फितीचं एक रीळ दिलं आणि सांगितलं, "हेमांगी, तू रहदारी बघ." माझ्याबरोबर शिकलेली मुलं कुठे पूल बांधत होती, कुठे धरणाच्या भिंतीवर उभी होती. मी मात्र सकाळी आठपासून स्कूटरवाल्यांशी भांडत होते. आळीतल्या प्रत्येक स्कूटरवाल्याला वाटे की रस्ता सगळ्यांसाठी बंद आहे, पण आपण इथलेच. एका आजींनी माझ्या फितीवर दोन दिवस साड्या वाळत घातल्या. चांगली ताणून बांधलीस गं, असं कौतुकही केलं.

त्या दिवशी मी त्या गृहस्थांना हाताला धरून वाटेवर आणून सोडलं. ते यशवंत तारळेकर, बँकेत टेलिफोन ऑपरेटर. आळीत सगळे त्यांना ऑपरेटरकाका म्हणत. लहानपणी देवी आल्या त्यात दोन्ही डोळे गेलेले. दुसऱ्या दिवशी ते बँकेत जाता जाता मुद्दाम माझ्यापाशी थांबले. सदरा शिवून आणला होता. तो त्यांनी मला हात लावून बघायला लावला, आणि मग कामाचं बोलायला लागले.

"इंजिनिअरबाई, तुमची फीत कमरेएवढी उंच. माझी काठी चालते जमिनीलगत. म्हणजे फीत माझ्या पोटाला कळणार, काठीला नाही. आणि पोटाला कळेपर्यंत पाय पुढे गेलेले असतात."

मग काय करायला हवं, असं मी विचारलं. खाली जमिनीलगत सलग फळी हवी, ते म्हणाले, काठी जिला लागेल अशी. मधे फट ठेवायची नाही, कारण आंधळ्याला फट म्हणजे दरवाजा वाटतो.

मी गुंजाळसाहेबांकडे फळ्या मागितल्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू चराला पडदे लावायला मागत होते. एका माणसासाठी सव्वाशे फूट फळी, असं म्हणून ते पुन्हा पाइपांकडे वळले. मला राग आला. त्या रागातच मी दुपारी आळीत घरोघर फिरले. शिट्टी वाजवणारी पोरगी दारात आलेली बघून लोकांना आधी वाटलं, पाणी बंद होणार आहे. पण ऑपरेटरकाकांसाठी म्हटल्यावर माळे उघडले. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे दोन जुनी दारं, चार खाटांच्या बाजू, देवळातलं एक बाक, मांडववाल्याच्या बारा फळ्या आणि बंद पडलेल्या एका गिरणीची 'येथे हळद कुटून मिळेल' अशी पाटी जमली. तांबटांच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने खिळे दिले आणि ठोकूनही दिले. चराच्या काठाने ओळीने ते सगळं उभं राहिलं तेव्हा दिसायला ते अगदी भंगारबाजार होतं. पण फट एकही नव्हती.

तिसऱ्या दिवशी काका काठी घासत त्या टोकापासून या टोकापर्यंत चालले. देवळाच्या बाकापाशी थांबून म्हणाले, "हे मारुतीचं बाक. इथे बसून मी मॅट्रिकचा निकाल ऐकला होता." मग पुढे गेले. मला वाटलं, आता आभार मानतील. त्यांनी नवीन मागणी केली.

मागणी अशी की सकाळी दहाला आणि संध्याकाळी सव्वापाचला, दहा-दहा मिनिटं जेसीबी बंद ठेवायचा. "मी कानांनी चालतो," ते म्हणाले. "तांबटांची हातोडी, जोश्यांचा नळ, गिरणीचा पट्टा, यावरून मला कळतं मी कुठे आहे. तुमचं मशीन सुरू झालं की मी खरा आंधळा होतो."

हे गुंजाळसाहेबांना सांगायची माझी छाती झाली नाही. मी जेसीबी चालवणाऱ्या मुनीरभाईंना गाठलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, दहाला आणि सव्वापाचला मी तसाही चहा पितो. खरं तर ते अकराला आणि चारला पीत. त्या दिवसापासून वेळ बदलली.

मग मात्र काकांची भीड चेपली. रोज एक नवीन सूचना. शाळेकडच्या वळणावर वाट चराच्या अगदी कडेने जात होती, तिथे डोळ्यांच्या उंचीला मोठ्या अक्षरांची पाटी लावा, म्हणाले, बाण काढून. आणि फळ्यांच्या वरच्या कडेला पिवळा रंग द्या. साधा नको, झगझगीत.

मी हसले. आमची आता थट्टा करण्याइतकी ओळख झाली होती. "काका, फळी समजू शकते. पण पाटी कोण वाचणार?"

"मी कुठे वाचतो? पण लोक पाटी दिसली की मोठ्याने वाचतात. तेवढं माझ्या कानावर येतं."

"आणि पिवळा रंग?"

"पिवळा मला आवडतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुम्हाला लाल आवडतो. मी विचारलं का, कसं माहीत?"

मी पिवळा रंग आणला. पाटीही लावली. आळीत दोन दिवस हाच विषय होता, की इंजिनिअरबाईंनी आंधळ्यासाठी पाटी लावली. पोरं येता-जाता ती मोठ्याने वाचत आणि माझ्याकडे बघून हसत. मलाही वाटायला लागलं, काका आपली मजा करताहेत.

त्यांची बायको कुमुदबाई. वरच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत. उंच, ताठ, गोऱ्या. मान कधी खाली घालायच्या नाहीत, आणि रस्त्यात ओळखीच्यांकडेही चटकन बघायच्या नाहीत, म्हणून काही बायका त्यांना शिष्ट म्हणत. बहुतेक मात्र त्यांना फार मानत. चांगल्या घरची शिकलेली मुलगी, आणि आंधळ्याशी लग्न केलं, अठ्ठावीस वर्षं त्याला सांभाळतेय. सकाळी दोघं बरोबर निघत. बाईंचा हात काकांच्या कोपरावर. आधी वर शाळेपर्यंत जात, तिथे बाई आत गेल्या की काका वळून सगळी आळी उतरत बँकेत येत. संध्याकाळी बँक सुटली की काका स्वतःच्या घरावरून पुढे जात, शाळेच्या फाटकापर्यंत, आणि बाईंना घेऊन उलटे येत.

यावर आळीत फार दिवसांपासून विनोद होता. ऑपरेटरकाका बायकोशिवाय उंबरा ओलांडत नाहीत, दारावरून जातात पण आत जायचं धाडस नाही. एका संध्याकाळी मीही म्हटलं, "काका, घर मागे राहिलं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण आत जाऊन करू काय? चहाचा डबा तिलाच सापडतो."

असे सहा आठवडे गेले. डिसेंबर लागला होता. शाळेच्या वळणापासून निघालेला चर बँकेपर्यंत पोचत आला. एका गुरुवारी निरोप आला की संध्याकाळी सहाला नगरपालिकेचे मोठे इंजिनिअर काम बघायला येणार. गुंजाळसाहेबांनी मला साडेचारला नकाशांच्या प्रती काढून आणायला स्टँडाजवळ पाठवलं. तिथे वीज गेली होती. मी परत आले तेव्हा पाच चाळीस झाले होते, दिवस मावळत आला होता.

आळीच्या खालच्या तोंडाशी आले आणि थबकले. वरच्या वळणापासून घरांच्या रांगेच्या अर्ध्यापर्यंत माझं एकही फळकूट जागेवर नव्हतं. दारं, खाटांच्या बाजू, सगळं मातीच्या ढिगामागे टाकलेलं. पाटीसुद्धा. त्यांच्या जागी नवी कोरी लाल फीत झुलत होती. दिसायला अगदी नीटनेटकं. आणि जेसीबी चालू होता. बँकेकडचे शेवटचे दहा फूट साहेब येण्याआधी उरकायचे होते. मुनीरभाईंना त्या दिवशी चहा मिळाला नव्हता.

काका वाटेच्या सुरुवातीलाच उभे होते. काठी पुढे टेकवलेली, मान किंचित वाकडी केलेली, ऐकू येत नसताना ऐकायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखी. किती वेळ तसे उभे होते कुणास ठाऊक. मी धावत गेले आणि त्यांचा दंड धरला. कानाशी ओरडून सांगितलं, मी हेमांगी, पुढे फळ्या नाहीत, पाऊल टाकू नका, मी आहे.

"शाळा सुटून किती वेळ झाला?" त्यांनी विचारलं.

"वीस-पंचवीस मिनिटं."

त्यांनी माझा हात झटकला. आजवर त्यांनी माझ्याशी असं काही केलं नव्हतं.

"मला सोडा. तिला धरा."

"कुणाला?"

"कुमुदला. तिला दिसत नाही."

मला वाटलं मशीनच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं. मी वर पाहिलं. वळणावरून कुमुदबाई येत होत्या. नेहमीसारख्या ताठ, मान वर, नजर सरळ समोर, नवऱ्याकडे. चालणं एवढं निश्चिंत की त्यांना अडवावं असं कुणालाही वाटलं नसतं. त्यांच्या मागे त्यांच्या वर्गातल्या दोन छोट्या मुली होत्या, बाईंच्या पदराचं टोक धरून. वाट वळणावर ओट्याकडे झुकत होती. बाई झुकल्या नाहीत. त्या सरळ येत होत्या, आणि सरळ पुढे चर होता.

मी ओरडले. माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. मी शिट्टी फुंकली, तीही मशीनने गिळली. धावत जावं तर मधे सव्वाशे फूट अंतर, आणि बाईंना चरापर्यंत जेमतेम दहा-बारा पावलं. आजही मला सांगता येत नाही की मी ते कसं ठरवलं. मी बाईंकडे धावलेच नाही. जेसीबी माझ्यापासून दहा पावलांवर होता. त्याच्या बकेटसमोर जाऊन मी दोन्ही हात वर करून उभी राहिले.

बकेट माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबली. मुनीरभाईंनी इंजिन बंद केलं आणि मला एक शिवी दिली. एकदम इतकी शांतता झाली की ती शिवी आळीभर ऐकू गेली.

त्या शांततेत काका बोलले. ओरडले नाहीत. तीस वर्षं फोनवर लोकांना थांबायला सांगणाऱ्या माणसाचा आवाज तो. "कुमुद. आहेस तिथे थांब."

बाई थांबल्या. फीत त्यांच्या पोटाला लागून ताणली होती, आणि चपलेचा पुढचा अर्धा भाग चराच्या कडेबाहेर होता. मातीचं एक ढेकूळ सुटून खाली पडलं. त्याचा आवाज यायला जरा वेळ लागला.

मी पोचले तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना दोन पावलं मागे घेतलं. त्यांनी आधी मागे हात नेला आणि दोन्ही मुलींची डोकी चाचपली. एक, दोन. मग श्वास सोडला.

तोवर सगळी आळी ओट्यांवर आली होती. गुंजाळसाहेबही धावत आले. घाबरले होते ते, आणि घाबरलेला माणूस रागावतो. "बाई, एवढा मोठा चर," ते म्हणाले, "दिसला नाही तुम्हाला?"

कुमुदबाईंनी तोंड उघडलं. काका अजून खाली, वाटेच्या टोकाशी, एकटेच उभे होते. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होते. बाईंची चार वर्षांची नोकरी शिल्लक होती, हे मला माहीत होतं. बाकीचं माझ्या डोक्यात तेव्हा नुसतं जुळत होतं. पाटी, पिवळा रंग, घरावरून पुढे जाणं.

"संध्याकाळ झालीय साहेब," मी म्हटलं. "मी असते तर मलाही दिसला नसता."

"अगं पण फीत..."

"फीत होती. फळ्या नव्हत्या."

"फळ्या कुणी काढल्या?" हा आवाज नवीन होता. नगरपालिकेचे इंजिनिअर वेळेआधी आले होते आणि मातीच्या ढिगापाशी उभे राहून 'येथे हळद कुटून मिळेल' ही पाटी वाचत होते. गुंजाळसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूमही होता आणि विनंतीही. मी म्हटलं, साडेचारपर्यंत सगळ्या फळ्या जागेवर होत्या, तुम्ही येणार म्हणून काढल्या. कुणी, ते मी सांगितलं नाही. सांगायची गरजही उरली नव्हती.

त्या रात्री कुणी काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या पुन्हा उभ्या होत्या, आणि या वेळी ठेकेदाराच्या माणसांनी त्या ठोकल्या होत्या. शनिवारी मला पत्र मिळालं की सोमवारपासून मी गावाबाहेर, पाइप ठेवायच्या आवारात काम बघायचं. गुंजाळसाहेब माझ्याशी शेवटपर्यंत त्या विषयावर बोलले नाहीत.

रविवारी मी तारळेकरांच्या घरी गेले. बाईंनी चहा केला. मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होते. डबा, साखर, गाळणं, सगळं त्या न बघता उचलत होत्या. कपबशी माझ्यासमोर ठेवली तेव्हा त्यांनी आधी दुसऱ्या हाताने टेबलाची कड शोधली.

त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. डोळ्यांचा आतला पडदा कडेकडेने मरत होता. समोरचं, लांबचं, फळ्यावरचं दिसे. पायाजवळचं आणि बाजूचं दिसत नसे, आणि दिवस कलला की समोरचंही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषध नाही. तीन वर्षं त्यांनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. शाळेत कळलं तर नोकरी जाईल ही भीती. पुण्यातल्या मुलाला कळलं तर तो दोघांना उचलून नेईल ही दुसरी भीती. "इथला दगड न् दगड यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पुण्यात आम्ही दोघं कुणाला धरून चालणार?"

"म्हणजे काका तुम्हाला..."

"नेतो," काका म्हणाले. "ज्याला न्यायचं त्याने कोपर धरायचं असतं, इंजिनिअरबाई. पंचवीस वर्षं मी तिचं कोपर धरून चाललो. तीन वर्षांपूर्वी आम्ही हात बदलले. अख्ख्या आळीत एकाच्याही लक्षात आलं नाही. आणि हे सगळे डोळस."

"तुमच्या तर नाकासमोरून जात होतो," बाई हसून मला म्हणाल्या.

मी ओशाळले. पाटीची आणि पिवळ्या रंगाची मी केलेली थट्टा मला आठवत होती. ते कळल्यासारखे काका म्हणाले, "तुम्ही विचारलंत म्हणून बरं झालं. दुसऱ्याने नुसताच नकार दिला असता. मला खोटं बोलायला निदान संधी मिळाली."

मग त्यांनी माझी बाजू घेऊन गुंजाळसाहेबांना पत्र लिहायची तयारी दाखवली, की फळ्यांचा हट्ट आपला होता, हेमांगीचा नव्हता. मी नको म्हटलं. बाई मधेच म्हणाल्या, पत्र लिहायचंच असेल तर मला लिहायचं आहे, मुख्याध्यापकांना.

हे काकांना नवीन असावं.

"चार वर्षं कशीही निघाली असती, कुमुद."

"निघाली असती," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही येत नाही म्हणून मी गुरुवारी एकटी निघाले. मला वाटलं, यांना काही झालं. आणि निघताना माझा पदर धरून दोन पोरी आल्या. बाई पुढे आहेत म्हणून त्या चालत होत्या, अहो. त्यांच्या बाईंना दिसतं असं त्यांना वाटत होतं."

काका उठून आत गेले आणि एक पांढरी काठी घेऊन आले. त्यांचीच, जास्तीची. बाईंच्या खुर्चीला टेकवून ठेवली. "तुझ्या उंचीला दोन इंच आखूड पडेल," म्हणाले. "पण मला शिकवायला लावू नकोस. नवऱ्याने शिकवलेलं बायको ऐकत नाही."

मुख्याध्यापकांनी बाईंना काढलं नाही. वर्ग काढून घेतला आणि गोष्टी, पाढे, कविता असे तोंडी तास दिले. हे मला नंतर कळलं, पाइपांच्या आवारात. बाईंनी काठी शिकवायला कुणालाही बोलावलं नाही. नवऱ्याकडूनच शिकल्या, रोज पहाटे, आणि रोज भांडून. आळीतल्या लोकांनी सुरुवातीला फार हळहळ केली. मग हळूहळू, नेहमीप्रमाणे, सूचना करायला लागले.

फेब्रुवारीत तांबट आळीचं काम संपलं. चर बुजला, रस्ता झाला. मी एका सोमवारी आवारात जायच्या आधी, पावणेदहाला, मुद्दाम तिकडून गेले. काका दारात उभे होते, बँकेत जायच्या कपड्यांत, पण रिकाम्या हाताने. मी हाक मारण्याआधीच म्हणाले, "या, इंजिनिअरबाई. बरोबर वेळेवर आलात. आज ती एकटी गेली."

मी वर पाहिलं. कुमुदबाई शाळेच्या वळणाशी पोचल्या होत्या. काठी डावीकडे, उजवीकडे, नीट, मोजून. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी होती आणि मोठ्या मुश्किलीने गप्प होती. काका मान किंचित वाकडी करून ऐकत होते. तिथवरची काठी मला ऐकू येत नव्हती. त्यांना येत असावी.

"पोचली," ते म्हणाले. "हो ना?"

"पोचल्या," मी म्हटलं. फाटकाशी बाई थांबल्या, वळल्या आणि त्यांनी हात वर केला. त्या अंतरावरून, सकाळच्या उन्हात, त्यांना आम्ही दिसत होतो की नव्हतो, मला ठाऊक नाही.

"काका, त्यांनी हात केलाय तुम्हाला."

"असं?" म्हणून त्यांनीही हात वर केला, शाळेच्या बाजूला. बराच वेळ धरून ठेवला. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "गेली का आत? की मी अजून असाच उभा राहू?"